काच तशीच राहते, सांधे सुटतात

जुनी फायबरची बोट बघायला आलेला माणूस आधी तिच्या अंगावरून हात फिरवतो. बोटांना पांढरी पूड लागली की मान हलवून म्हणतो, "फायबर गेलंय हो हिचं." त्या पुडीचा आणि बोटीच्या ताकदीचा संबंध फार थोडा असतो. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, वाळून टणक होणारा चिकट द्रव. जेलकोट म्हणजे वरचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत रेझिनचा थर. उन्हाने तो भुरकट होतो, पूड सोडतो, घासून पॉलिश केला की कधी पुन्हा चकाकतो, कधी नाही. भार वाहणारी काच त्याच्या आत असते आणि तिला या रंगरूपाचं सोयरसुतक नसतं. मला उलट नव्याने रंगवलेली चकचकीत जुनी बोट दिसली की मनात पाल चुकचुकते. विकायच्या आधी कुणी इतका खर्च उगाच करत नाही.

मी आधी वाजवून बघतो. प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी पुरते. ती नसेल तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ. दर दोन-तीन इंचांवर एक हलकी टिचकी. धड जागी आवाज टणक आणि आखूड येतो, हातोडी हातात उसळते. थर सुटलेले असतील तिथे आवाज बसका होतो आणि हातोडी उसळत नाही, जागच्या जागी बसते. सवय झाली की हे हाताला आधी कळतं, कानाला नंतर. अर्थात आतून एखादी भिंत किंवा टाकी टेकलेली असली तरी आवाज बदलतो, त्यामुळे आत काय कुठे आहे हे ठाऊक नसताना बाहेरून वाजवण्यात अर्थ नाही. जिथे आवाज बदलला तिथे पेन्सिलीने रेघ मारत गेलं की हळूहळू बोटीच्या अंगावर नकाशा उमटतो. ओलावा मोजायचं मीटरही मिळतं, पण तळाच्या रंगात तांबं असेल तर ते वाटेल ते आकडे दाखवतं. तो रंग खरवडून काढल्याखेरीज त्या मीटरवर मी विसंबत नाही.

या नकाशात एक गोष्ट वारंवार दिसते. बॉडीच्या मोकळ्या, प्रशस्त भागात खुणा क्वचितच सापडतात. त्या गोळा होतात आडव्या भिंतींच्या कडेला, इंजिनच्या बेडखाली, कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, मुळाशी, डेकमध्ये बोल्ट उतरलेत त्यांच्याभोवती, आणि आउटबोर्ड इंजिन टांगलेल्या मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्समच्या पोटात. थोडक्यात, जिथे एक वस्तू दुसरीला जोडली आहे तिथे.

हे काही माझ्या मनचं नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला 40 फुटी गस्ती बोटी फायबरग्लासच्या बांधल्या होत्या. दहा वर्षांच्या सेवेनंतर, 1962 मध्ये, त्यांतल्या तीन बोटींचे तुकडे कापून प्रयोगशाळेत ताणून, वाकवून, मोडून पाहिले गेले. 1972 मध्ये वीस वर्षं राबून निवृत्त होणाऱ्या एका बोटीचे आणखी बरेच तुकडे तपासले. खाऱ्या पाण्यात वीस वर्षं काढूनही लॅमिनेटच्या, म्हणजे काच आणि रेझिनच्या एकजीव थरांच्या, ताकदीत म्हणावी अशी घट नव्हती. ज्यांना वाटतं की फायबरला वय असतं आणि ठरावीक वर्षांनी ते कुजतं, त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

त्या काळच्या बोटी जाड होत्या हेही खरं. कारण बांधणाऱ्यांचाच या मालावर पुरता भरवसा नव्हता. काचेचे धागे व्यापारी प्रमाणावर काढण्याची युक्ती अमेरिकेत 1932 मध्ये जवळजवळ अपघाताने सापडली: डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडायच्या खटपटीत होता, दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर पडला आणि तिचे बारीक तंतू झाले. रे ग्रीनने 1942 मध्ये फायबरग्लासची छोटी होडी केली. कार्ल आल्बर्गने आखलेली 28 फुटी शिडाची बोट पिअर्सन ट्रायटन 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये आली आणि पुढे तशा सुमारे 700 बोटी झाल्या. लाकडाची सवय असलेले हात फायबर घालताना लाकडाच्याच अंदाजाने थर चढवत. पुढे 1973 च्या तेलसंकटाने रेझिन महागलं, हिशेब करणारे इंजिनिअर आले, थर कमी झाले. थर कमी होण्यात चूक काही नव्हती. पण पातळ बॉडीला आतला सांगाडा नीट लागतो, आणि नेमकं तेच काम घाईचं असायचं. साच्यातलं अंग सगळ्यांना दिसतं. बाकाखालच्या अंधारात भिंतीची कड किती रेझिनने चिकटवली हे कोण बघतो?

माझी बोट याच काळातली. 26 फुटी, शिडाची. समोरून लाटा यायला लागल्या की नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाजवळचा, बॉडीचा एक पट्टा आत दबायचा आणि परत बाहेर यायचा. दर वेळी ठक असा आवाज. आत जाऊन बाकाखालचं झाकण उचललं तर प्लायवूडच्या बैठकीला बॉडीशी बांधणारी फायबरची पट्टी लांबच लांब सुटलेली होती. एका टोकाला बोट घालून उचलली तशी ती अख्खी हातात आली. खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत. म्हणजे मुळात ती कधी नीट चिकटलीच नव्हती. न घासलेल्या पृष्ठभागावर ओल्या रेझिनने नुसती बसवलेली. इतकी वर्षं ती बैठक बॉडीवर टेकून होती इतकंच.

फायबरचं काम मी ज्यांच्याकडून शिकलो ते मिस्त्री काका अशा वेळी आधी हात मागे घ्यायला लावत. "साहेब, फायबर मारायला काय, कोणीही मारतं. भार येतो कुठून आणि जातो कुठे ते आधी बघा." मी म्हणालो होतो, "काका, इथे दोन थर जास्त घातले तर?" त्यावर त्यांनी बोटाने माझ्या कल्पनेतल्या जाड ठिगळाची कड दाखवली. "मग हितं मोडेल."

या एका वाक्यात जवळजवळ सगळं आलं. फायबरग्लास मजबूत आहे पण ताठ नाही. पोलादाचा ताठपणा सुमारे 200 गिगापास्कल. हाताने घातलेल्या साध्या मॅटच्या, म्हणजे काचेच्या आखूड तुकड्यांच्या चटईच्या, लॅमिनेटचा जेमतेम सात-आठ. त्यामुळे फायबरची बॉडी वाकणारच, वाकणं हा तिचा धर्म आहे. प्रश्न असतो तो वाकताना मध्येच एखादी ताठ रेघ आडवी येते का, हा. प्लायवूडची भिंत बॉडीला थेट घट्ट टेकवून बसवली की अशी रेघ तयार होते: दोन्ही बाजूंचं फायबर हलतं, भिंतीवरचं हलत नाही, आणि सगळं वाकणं त्या एका रेषेत गोळा होतं. बाहेरून जेलकोटमध्ये भिंतीला समांतर बारीक तडे दिसतात. लोक तडे खरवडून पुट्टी भरतात, रंग देतात आणि पुढच्या मोसमात तेच तडे त्याच जागी बघून पुट्टीवाल्याला शिव्या घालतात.

म्हणून भिंत आणि बॉडी यांच्यात थोडी फट ठेवून त्यात मऊ फोमची पट्टी घालतात. मग दोन्ही बाजूंनी कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सी रेझिनचा गोलाकार भराव द्यायचा, कारण काचेचा धागा काटकोनात वळायला तयार नसतो. जबरदस्तीने वळवला तर कोपऱ्यात पोकळी राहते. त्या गोलाईवर पट्ट्या घालायच्या, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा कमीजास्त रुंद, म्हणजे सगळ्यांच्या कडा एकाच रेषेत संपणार नाहीत. कापडही निवडून घ्यावं. साध्या विणीच्या पट्टीत निम्मे धागे सांध्याच्या लांबीला समांतर पळतात आणि सांधा धरून ठेवायच्या कामी येत नाहीत. बायअॅक्सियल कापडाचे धागे 45 अंशांवर असल्यामुळे प्रत्येक धागा सांधा ओलांडतो. 

हे करण्याआधी एक गोष्ट बघायची असते, जी मी फार कमी लोकांना बघताना पाहिली आहे. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचं वजन कीलखालच्या ठोकळ्यांवर हवं. बाजूचे टेकू फक्त ती कलंडू नये म्हणून. टेकू जास्त आवळले की जुनी, सांधे सुटलेली बॉडी तिथे आत दबते. त्या अवस्थेत आतून नव्या पट्ट्या घातल्या तर तो दबलेला आकार कायमचा पक्का होतो. म्हणून आधी टेकू ढिले करायचे, बाहेरून लांब लवचीक फळी लावून आकार धड आहे का बघायचा, आणि मगच रेझिनचा डबा उघडायचा.

आता भोकं आणि सुटलेले थर. इथे मन लावून करायचं काम म्हणजे उतार. सहा मिलिमीटर जाड बॉडीत हाताच्या पंजाएवढा, म्हणजे 100 मिलिमीटरचा भाग खराब निघाला तर तेवढाच कापून तेवढाच भरता येत नाही. नव्या फायबरचे धागे जुन्या धाग्यांशी कुठेच सलग होत नाहीत. जोड असतो तो फक्त चिकटण्याचा. चिकटायला क्षेत्र हवं. पोटात भार येणाऱ्या दुरुस्तीसाठी जाडीच्या बारा पट उतार धरतात: सहाला 72 मिलिमीटर, चारही बाजूंनी. म्हणजे 100 चं भोक घासून 244 चं करायचं. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. धडधाकट फायबर कशाला उडवताय म्हणून विचारतात. ठिगळ आणि रफू यात जो फरक, तोच इथे.

उतार नीट पडला की एक सुंदर गोष्ट दिसते. घासलेल्या चकतीवर जुन्या बोटीचे थर कड्या-कड्यांनी उघडे पडतात: मॅट, मग रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड, पुन्हा मॅट. मॅटची कडी धुरकट, तुकड्या-तुकड्यांची. रोव्हिंगच्या कडीत विणीच्या चौकटी स्पष्ट. प्रत्येक कडीची रुंदी सारखी असेल तर उतार सारखा आहे. एखादी एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद झाली तर ग्राइंडर तिरका धरला गेला. शिवाय बांधणाऱ्याने खरंच किती थर घातले, कुठे हात आखडला, हेही तिथे उघड होतं. माझ्या बोटीत एका ठिकाणी दोन थरांच्या मध्ये कोरडी, पांढरी मॅट होती. रेझिन पोचलंच नव्हतं.

थर कोणत्या क्रमाने घालावेत यावर जाणकारांत कायमचं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, आधी सगळ्यात लहान तुकडा, मग मोठे, म्हणजे प्रत्येक थर आपापल्या जुन्या थराला भेटतो. दुसरा म्हणतो, आधी सगळ्यात मोठा, मग लहान. कारण वरून घासून सपाट करताना लहान-आधी पद्धतीत सगळ्यात मोठ्या, सगळ्यात महत्त्वाच्या थराच्या कडाच उडवल्या जातात. मी मोठा-आधीवाला आहे. घासताना माझा हात किती आवरेल याची मला खात्री नसते, त्यापेक्षा कागदावरचं तर्कशास्त्र थोडं कमी शुद्ध असलेलं परवडतं.

रेझिनबाबत मात्र माझं मत पक्कं आहे. नवी बोट पॉलिस्टर रेझिनची असायला हरकत नाही. तिथे एक थर पुरता वाळायच्या आत दुसरा पडतो आणि दोन्ही रासायनिकरीत्या एक होतात. जुन्या, वाळून दगड झालेल्या फायबरवर ते होत नाही. तिथे निव्वळ चिकटणं उरतं आणि चिकटण्यात इपॉक्सी सरस. पॉलिस्टर वाळवायला त्यात एक ते दोन टक्के कॅटॅलिस्ट घालतात, हवेच्या उष्णतेप्रमाणे थोडं कमीजास्त चालतं. इपॉक्सीत हे लाड नाहीत. त्याचा हार्डनर हा मिश्रणाचा अर्धा संसार असतो; जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, बिघडतं. आणि साधी मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नये: तिचे तुकडे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळावा असा केलेला असतो, इपॉक्सीत तो बहुधा तसाच राहतो आणि मॅट ताठ, कोरडी पडते. शिवून जोडलेलं कापड घेतलं की प्रश्न मिटतो. इपॉक्सी वाळल्यावर वर कधी मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने, घासणीने धुवायचा, नंतर पॉलिश पेपर. उलट केलं तर तो मेणचटपणा खोबणींत भरतो आणि पुढचा थर सुटतो.

पॉलिस्टर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच, कारण तो थट्टेचा विषय नाही. वाळण्याचा वेग वाढवणारा कोबाल्टचा अॅक्सिलरेटर आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. स्फोट होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरं.

तळावरच्या फोडांचा बाऊ फार होतो. जेलकोटमधून पाण्याचे रेणू आत झिरपतात, आतल्या विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळून दाट द्राव होतो, तो आणखी पाणी ओढतो आणि फोड फुगतो. फोडताना चष्मा घालावा, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं असतं. चार-दोन फोड असतील तर उघडा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, वाळू द्या, भरा. वाळायला मात्र आठवडे नाहीत, महिने लागतात. त्या अवधीत बाकीचं काम करावं.

मला पट्टा दबण्याच्या दुखण्याकडे परत जायचं आहे, कारण खरी बळकटी तिथे लागते. जाडी वाढवली तर काय होईल? सपाट पट्ट्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो: सहाची नऊ मिलिमीटर केली तर सव्वातीन पटीहून थोडा जास्त. वाईट नाही, पण सगळ्या पट्ट्यावर तीन मिलिमीटर फायबर म्हणजे बरंच वजन, तेही नाळेत. त्याऐवजी पट्ट्याच्या मधोमध एक आधार दिला तर? दोन आधारांमधलं अंतर निम्मं झालं की त्याच दाबाखालचा झोल सोळाव्या हिश्शावर येतो, कारण झोल अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो. हे गणित एकदा कागदावर मांडलं की फायबरचा रोल आपोआप खाली ठेवला जातो.

तो आधार म्हणजे टोपीच्या आकाराचा स्ट्रिंगर. हलक्या फोमची लांब पट्टी, वरची बाजू अरुंद, बॉडीवर बसवायची आणि तिच्यावरून बायअॅक्सियलचे थर ओढून दोन्हीकडे बॉडीवर पसरवायचे. फोमचं काम फक्त आकार देण्याचं. भार त्याच्यावरची काच वाहते. पुष्कळांना वाटतं आत लाकूड घातलं की आणखी मजबूत. आत शिरलेलं पाणी त्या लाकडाला कुजवतं, आणि ते कुजल्याचं कळायला पुन्हा हातोडीच घ्यावी लागते. मी दोन स्ट्रिंगर घातले. टोकांपाशी फोम तासून उतरता केला, जमिनीत मिसळणाऱ्या टेकडीइतका नसला तरी बराच लांबवर, आणि टोकं बैठकीच्या भिंतींना नेऊन बांधली. अधांतरी संपणारा स्ट्रिंगर म्हणजे काकांनी दाखवलेली ती ठिगळाची कडच.

फायबर घासण्याबद्दल ललित काही लिहिता येत नाही. काचेची धूळ कॉलरमधून, बाह्यांमधून, मोज्यांमधून आत शिरते. मास्क चांगला हवा, कागदी नव्हे, फिल्टरवाला. रेझिनची वाफ असेल तर कार्बनच्या फिल्टरचा. संध्याकाळी आधी गार पाण्याने अंघोळ. गरम पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात आणि टोचणी वाढते, असं काका सांगत; शास्त्र काहीही असो, गार पाण्याने बरं वाटतं. रेझिनच्या मगात अधूनमधून बोट टेकवून बघायचं. मग कोमट लागला की घाई करायची, गरम लागला की बाहेर नेऊन ठेवायचा. मोठ्या मगात जास्त रेझिन कालवलं की त्याची उष्णता बाहेर पडत नाही, तेच त्याला आणखी तापवतं, आणि धूर निघायला वेळ लागत नाही.

बोट पाण्यात गेली, समोरून लाटा घेतल्या. ठक आवाज गेला. मात्र बैठकीखालचा एक जुना कण्हणारा आवाज, जो आजवर त्या ठकमध्ये झाकला जात होता, तो आता ऐकू येऊ लागला. तो कुठून येतो याचा शोध सुरू आहे. माझा संशय मधल्या आडव्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यावर आहे, जिथे डेक आणि भिंत मिळतात आणि मला अजून हात घालता आलेला नाही.

दरम्यान, डेकवरची उतरवलेली फिटिंग परत बसवायची आहेत. या डेकमध्ये दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकडाचे ठोकळे आहेत. मूळ बांधणाऱ्याने त्यांच्यातून सरळ भोकं पाडून बोल्ट आवळले होते, म्हणजे सीलंट सुटला की पाण्याला आत मुरायचा राजमार्ग. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं करायचं, कडेचा बाल्सा वाकड्या खिळ्याने खरवडून काढायचा, ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायची, वाळल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडायचं. खाली भार पसरवणारी बॅकिंग प्लेट, वर सीलंट. हे प्रत्येक बोल्टला. कंटाळवाणं आहे, आणि बोल्ट पुष्कळ आहेत. पण पुढे कधी सीलंट सुटलाच तर पाणी बाल्सात न शिरता सरळ झोपणाऱ्याच्या तोंडावर टपकेल, आणि मग त्या बोल्टकडे बघायला कोणालाही आठवण करून द्यावी लागणार नाही.